चार बोटांची फट

आरोग्यसेविका कुंदाताईंनी ऋजुताला उताणं झोपवलं, मान थोडी उचलायला सांगितली आणि बेंबीच्या वर बोटं दाबली. पोटाच्या स्नायूंमधल्या फटीत चारही बोटं सहज आत गेली. बाळंतपणाला सव्वा महिना झाला होता. पोटावर बांधायच्या, स्नायू विणणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्यानं ही फट तीन आठवड्यांत बुजते, सगळ्या बाळंतिणींची बुजत होती.

"पट्टा बांधतेस ना गं?"

"रोज बांधते."

"खोटं बोलतेय," तिची आई दारातून म्हणाली. "मी जुन्या लुगड्यानं पोट बांधायला गेले, तर तेही सोडून टाकलं. पट्टा तिकडे ठेवलाय बघा."

कोपऱ्यातल्या रिकाम्या पाळण्यात पट्टा दुपट्यात गुंडाळलेला होता. तो चालूच होता आणि दुपटं कोमट झालं होतं.

"अगं, फट अशीच राहिली तर जन्मभर कंबर धरेल," कुंदाताई म्हणाल्या.

"धरू दे," ऋजुता छताकडे बघत म्हणाली. "दोनच दिवस होता तो. फोटोसुद्धा नाही काढला आम्ही. ही जागा तेवढी त्याची आहे, ती पण बुजवू?"

कुंदाताईंची बोटं अजून तिथेच होती. त्यांना ती काढवेनात.