हजेरीचा उंबरा

जेसीबी भिंतीपाशी येऊन थांबला, तरी दाराच्या आत बसलेली रंगूबाई काही उठेना.

"आजी, बाहेर या. दगड अंगावर येतील," उपसरपंच बादशाहभाई म्हणाले.

"येऊ द्या की. या भिंतीनं काय कमी घातलंय आमच्या अंगावर?"

ती इमारत म्हणजे हजेरी. कालव्याच्या कडेला इंग्रजांनी बांधलेली, काळ्या दगडाची. ज्या जमातींना त्यांनी कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांना इथं तारेच्या कुंपणात ठेवायचे आणि सकाळ-संध्याकाळ आत बोलावून शाईचा अंगठा घ्यायचे. इंग्रज गेले, कायदा गेला, कुंपणही गेलं. इमारत तेवढी चिवट निघाली. आता तिच्या जागी सभागृह करायचा बेत होता. पाडायचं म्हटलं की गावाला भलताच हुरूप येतो, तसा तो अर्ध्या गावाला आला होता. सगळ्यांत जास्त आला होता विजयसिंह आबांना.

आबा म्हणजे सरपंच राजेश्वरीचे सासरे. पाटलांच्या घरचं नवसाचं, एकुलतं लेकरू. पणदऱ्यापासून सांगवीपर्यंत त्यांच्या उसाला आणि शब्दाला तोड नव्हती. "गुलामीची खूण हाय ती. एक दगड ठिवू नका," असं ते ग्रामसभेत गरजले होते. स्वतः मात्र त्या हजेरीत पाऊल टाकताना त्यांना गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं. कालव्यावरून जातानाही ते तोंड फिरवून जायचे.

अंगठा द्यायचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. सिमकार्डाच्या दुकानात अंगठ्याचं मशीन पुढं आलं, तेव्हा "मी सही करनारा मानूस हाय, अंगठा देनार न्हाय," म्हणून ते तणतणत परत आले. तेव्हापासून आबांचा मोबाइल मुलाच्या नावावर होता. शिकलेल्या माणसाचा ताठा म्हणून गाव हसलं आणि विसरलं.

ग्रामसभेत दोन्हीकडं सारखेच हात वर झाले आणि निर्णय सरपंचावर येऊन पडला. राजेश्वरी सरपंच झाली ती आबांच्या जोरावर. त्यांच्या शब्दाबाहेर ती आजवर गेली नव्हती. आबांनी तर निर्णयाची वाट न बघताच जेसीबी बोलावून ठेवला होता.

पण दोन दिवसांपूर्वी ती एकटीच हजेरी बघायला आली होती. नव्वदीला टेकलेली रंगूबाई नेहमीप्रमाणे तिथं आली, वाकली आणि उंबऱ्याला डावा हात लावून तो कपाळी नेला. राजेश्वरीला ते खटकलं.

"आजी, डावा हात?"

"उजवा अंगठा सरकारचा, बाई. शाईनं भरलेला. आई म्हनायची, त्यो उंबऱ्याला लावू न्हाय. मुठीत झाकायचा आन डाव्या हातानं शिवायचं. ह्या उंबऱ्याखाली आमच्या पोरांच्या नाळा पुरल्यात. बारकी पोरंबी आईबापाचं बघून तसंच करायची."

"इतका छळ झाला इथं. तरी पाडू नका म्हणता?"

रंगूबाई उंबऱ्यापाशी टेकली. मग म्हणाली, "माझा भाऊ हाय. भीमा. पोरांचाबी अंगठा घ्यायचा हुकूम आला, तसं आईनं त्याला कुंपनाखालनं भाईर सारला. कालव्यावरनं जानाऱ्या एका बाईच्या पदरात टाकला. तिचं गाव इचारलं न्हाय, नाव इचारलं न्हाय. इचारलं आसतं तर शिपायांनी मारून वदवून घेतलं आसतं. चार वर्साचं पोर ते. त्येला आमचं आडनाव ठावं न्हाय. ठावी आसंल तर ही हजेरी. ही पाडल्यावर त्यो कुठं इल?"

राजेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. भीमा आता यायचा नाही, हे तिला दिसत होतं. पण ते म्हातारीला सांगायचं तिच्या जिवावर आलं.

आज जेसीबीपाशी राजेश्वरी उभी असतानाच आबांची गाडी आली. ते काठी टेकत उतरले.

"काय ठरलं, सूनबाई?"

राजेश्वरी पुढं झाली. "पाडायची नाही, आबा. माझं मत हजेरी ठेवायच्या बाजूनं आहे."

जमलेल्या लोकांत कुजबुज झाली. आबांचा चेहरा तापला.

"जिथं मानसं जनावरासारखी मोजली, ती भिंत जपायची? कुनासाठी?"

"यांच्यासाठी," तिने दाराकडं हात केला. "यांचा लहान भाऊ इथूनच बाहेर दिला होता. त्या अजून त्याची वाट बघतात."

आबांनी दाराकडं पाहिलं आणि लगेच तोंड फिरवलं.

"म्हातारीचं डोकं फिरलंय," मग ते म्हणाले. "सरका."

बादशाहभाई बाजूला झाले. जेसीबीवाल्याने मशीन चालू केलं. काठी आपटत आबा दाराकडं निघाले. आता हे म्हातारीला दंडाला धरून ओढणार, असं वाटून राजेश्वरी धावली.

"आबा, त्यांना हात लावू नका!"

आबांनी ऐकलं नाही. ते दारापाशी पोचले. आत रंगूबाई मान वर करून त्यांच्याकडं बघत होती. आबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली, उजवा अंगठा मुठीत घट्ट धरला, आणि वाकून डाव्या हाताने उंबरा शिवला.