ज्याचा विषय, तो बाहेर

मोरोक्कोतल्या रबात विद्यापीठाच्या आमच्या इतिहास विभागाने यंदा पहिल्यांदाच बैठकीत पीएचडीच्या विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी घेतला. ती बुश्रा.

पहिला विषय निघाला प्रबंधाच्या मुदतीचा. विभागप्रमुख इद्रिस म्हणाले, "बुश्रा, जरा बाहेर थांब. ज्याचा विषय, तो बाहेर. पद्धतच आहे आपली."

ती गेली. आम्ही मुदत कमी करून टाकली. मग वाचनालयाच्या वेळांचा विषय आला, तेव्हाही ती बाहेरच. तिचा पुदिन्याचा चहा भरल्या पेल्यात गार झाला.

"आता प्राध्यापकांचं वेळापत्रक," प्रमुख म्हणाले. "ये बुश्रा, बस."

बुश्रा आली, पण बसली नाही. दार सताड उघडं धरून म्हणाली, "चला उस्ताद, आता तुम्हा प्राध्यापकांचा विषय. मी ठरवते आणि बोलावते सगळ्यांना."

कोणी हलेना. शेवटी आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापिका झोहरा पर्स उचलून उठल्या. "सकाळी आठचा तास तेवढा मला देऊ नकोस हं, पोरी."

प्रमुखांनी मुकाट्याने मुदतीचा कागद पुन्हा वर काढला.

"दार लाव बुश्रा," ते म्हणाले. "आतून."