निम्मं होईपर्यंत

पातेल्यातलं पाणी कधीचं खळखळत होतं, तरी तिने गॅस बंद केला नाही. मागच्या खोलीत बाळ किरकिरत होतं. त्याचं भुकेचं रडणं तिला ओळखू यायचं. हे तसं नव्हतं, यात जोरच नव्हता. तिचा जीव तिकडे ओढत होता, पण पाणी निम्मं होईपर्यंत ती पातेल्यापासून हलायला तयार नव्हती.

घरात तिला सगळे उकळीबाई म्हणत. नाव ठेवणारा नवराच. "हिच्या हाती पडलं की पाण्यालाही घाम फुटतो," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. ती या कानाने ऐकायची, त्या कानाने सोडून द्यायची. लग्नाआधीपासून ती औषधाच्या दुकानात कामाला, त्यामुळे बिस्किटाच्या पुड्यावरची तारीखसुद्धा दोनदा वाचायची. त्यात अंगावरचं दूध लवकर आटलं, बाळ बाटलीवर आलं आणि तिची धास्ती दुप्पट झाली. नगरपालिकेच्या नळाला एकदा गढूळ पाणी आलं, तेव्हा तिने हट्ट धरून परसात, शेताच्या बांधाला लागून बोअर मारून घेतली. तिचं पाणी कसं आरशासारखं! शेजारच्या घरात राहणारी थोरली जाऊ मात्र अजून नळाचंच पाणी भरायची. एक उकळी आली की जावेचा गॅस बंद. तरी तिची पोरं दांडगी होती. "पोरं कसली, नशीब दांडगं," असं मनाशी म्हणून उकळीबाई आपला गॅस मोठा करायची.

गेल्या आठवड्यात बाळाच्या ओठांवर जांभळट झाक दिसली. गारठा असेल, नवरा म्हणाला. तिने पाणी जास्त वेळ उकळायला सुरुवात केली. झाक नखांवर उतरली. तिने आणखी उकळलं. काल दुकानात मालाची मोजदाद होती, म्हणून नाइलाजाने बाळाला दिवसभर जावेकडे ठेवावं लागलं. संध्याकाळी धावतपळत परतली तर पठ्ठ्या चक्क हसत होता आणि ओठ गुलाबी होते. तिचा जीव भांड्यात पडला. उकळण्याचा गुण आला म्हणायचा! मग तिने ठरवूनच टाकलं, यापुढे पाणी निम्मं झाल्याशिवाय उतरवायचं नाही.

आणि आज सकाळपासून तो पुन्हा मलूल.

तिने बाटली भरली, मनगटावर थेंब टाकून पाहिला, बाळाला मांडीवर घेतलं. त्याने दोन घोट ओढले आणि तोंड फिरवलं. तिने त्याला खिडकीच्या उजेडात धरलं. ओठ, नखं, कानाच्या पाळ्या, सगळं शाई सांडल्यासारखं झालं होतं.

"जाऊबाई!" ती ओरडली. "अहो, धावा!"

नवरा कामावर होता. जावेने कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला हाक मारली, हाताला लागलेलं पीठही न धुता गाडीत बसली. दवाखाना येईपर्यंत उकळीबाई फक्त बाळाची छाती हलतेय का ते पाहत होती.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला प्राणवायू लावला आणि रक्त काढलं. सुईत आलेलं रक्त लाल नव्हतं, तपकिरी होतं. बाईंनी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि घाईने नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं. त्यानंतरची वाट पाहणं तिच्याने सोसवेना. ती भिंतीला टेकून उभी राहिली, मग खाली बसली, मग पुन्हा उभी राहिली. किती तरी वेळाने बाळ रडलं. चांगलं जोरात, भुकेचं रडलं.

"रंग परततोय," डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "आता सांगा, दूध कुठलं देता?"

"डब्यातल्या पावडरीचं. पाणी आमच्या बोअरचं. निम्मं होईपर्यंत आटवते मी," तिने सांगितलं. एवढ्या भीतीतही तिचा आवाज जरा ताठ झाला.

"मधे कधी बरं वाटलं होतं का त्याला?"

"काल. काल तर अगदी गुलाबी होता. मी पाणी आटवून थर्मासमध्ये भरून दिलं होतं."

जाऊ पदराला पीठ पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"तो थर्मास सकाळीच फुटला गं माझ्या हातून," ती म्हणाली. "तू रागावशील म्हणून बोलले नाही. दिवसभर आमच्या नळाचंच दिलं. एक उकळी काढून."

"नळाचं?" ती ताडकन उठली. "माझ्या बाळाच्या जिवाशी खेळलात तुम्ही?"

"थांबा." डॉक्टरीणबाईंनी तिचा दंड धरला. "बोअरच्या जवळपास शेत आहे का?"

"बांधाला लागूनच आहे."

"मग शेतातलं खत तुमच्या पाण्यात उतरलंय. पाणी तपासून घेऊच, पण हे रक्त पाहून मला फारशी शंका नाही. मोठी माणसं पचवतात, एवढ्याशा जिवाला ते पचत नाही, रक्तच काळवंडतं. आणि बाई, उकळून जंतू मरतात, खत मरत नाही. पाण्याची वाफ होऊन जाते, खत खालीच राहतं. तुम्ही जितकं आटवलंत, तितकं ते दाट होत गेलं."

आत बाळ रडत होतं. तिने जावेचे पीठ लागलेले दोन्ही हात घट्ट धरले, आणि तिचा बांध फुटला.

"जाऊबाई," ती म्हणाली, "तो थर्मास आधीच का नाही हो फोडलात?"