हिरवी पट्टी

सव्वा महिना भरला त्या सकाळी केतकीच्या मनगटावर दवाखान्यानं बांधलेली लाल पट्टी हिरवी झाली. टाके भरले, बाळंतीण बरी झाली, हे पट्टीनं तिच्याआधी नवऱ्यालाच कळवलं. त्याचा लगेच फोन आला, "उद्या न्यायला येतो गं!"

केतकी शेगडीपाशी येऊन बसली. "आई, नुसतं बसलं तरी कळ येते. त्यानं जवळ घेतलं तर कसं सोसू?"

"आम्हाला निदान खोटं तरी बोलता यायचं, अजून अंगावर जातंय म्हणून," आई म्हणाली. "पट्टीला ताप कळतो ना?"

तिनं लेकीचा हात ओव्याच्या धुरीवर धरला. पट्टी तापत तापत पुन्हा लाल झाली.

"मिळाले बाई चार दिवस," म्हणत आई पोळलेल्या मनगटावर फुंकर घालत राहिली.