डब्याची चौकशी

कट्ट. अडकित्त्यात सुपारी फुटली आणि दुपारचं गप्प घर दचकलं.

"मंग जातं ना अकोल्याले?" पार्वताबाईंनी खाली बघतच सुनेला विचारलं.

"जाते. आचलला तुमच्यापाशी ठेवते."

"ने तिले संगं. लेकरू संगं असलं की बाईवर कोनी शक घेत नाई."

सासूचं म्हणणं धंद्याला धरून होतं. गीतांजली लग्नाच्या मुलांची चौकशी करून द्यायची. नवरा मनोज वारला त्याच वर्षी मामेबहिणीसाठी ती सहज एक स्थळ बघून आली होती. त्या मुलाचं लपवलेलं पहिलं लग्न तिनं उजेडात आणलं. तेव्हापासून, गेली चार वर्षं, अमरावतीतली माणसं मुलगी द्यायच्या आधी तिचं दार वाजवत.

तिचे नियम दोनच. मुलगी कोणाची, हे विचारायचं नाही; न विचारलेलं तोंडातून निसटतही नाही. आणि कागदाच्या शेवटी एकच ओळ लिहायची: पोरगी माझी असती तर दिली असती, किंवा नसती दिली. लोक बाकीचं नुसतं चाळायचे. निर्णय या ओळीवर घ्यायचे.

ही चौकशी देवमननं आणली होती. देवमन भातकुलीचा माळी; रोज सकाळी पूजेची फुलं टाकायचा.

"पोराचं नाव सागर. दुसरपनाचं हाये, बायको वारली त्याची. अकोल्याले रोपं इकते. पोरीचं घर आपल्या ओळखीचं हाये ताई, म्हनून सांगतो. पोरीले एकदा नशिबानं पाडलं. आता चुकलं तं उठत नाई ते." जाता जाता तो पुन्हा वळला. "आन अक्षर जरा मोठं काढजा. वाचनारं नवशिकं हाये."

मुलीचा थकलेला, साक्षरतेच्या वर्गाला जाणारा बाप असावा. गीतांजलीच्या डोळ्यांपुढे तो उभाही राहिला.

रविवारी मायलेकी गाडीत बसल्या. आचल दुसरीत होती आणि हल्ली दिसेल ते वाचायची. औषधाची बाटली, दुकानाची पाटी, काहीच सुटायचं नाही. "ब-ड-ने-रा," तिनं स्टेशन वाचलं. मूर्तिजापूरला अडखळली. अकोला येईपर्यंत तिनं आईच्या खांद्यावर मान टाकली होती.

सागरची रोपवाटिका घरालाच लागून होती. गीतांजलीनं जास्वंदीची रोपं न्याहाळत उगाच घासाघीस केली. डोळे मात्र त्याच्या नखांवर, पाण्याच्या माठावर, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर फिरत होते. तेवढ्यात आचलनं लाजाळूची झाडून सगळी पानं मिटवून टाकली.

"आचल!"

"राहू द्या न ताई." तो आचलशेजारी उकिडवा बसला. "उघडतात ते परत. फक्त घाई नाई करायची."

दोघं बसून राहिली. पहिलं पान उघडलं तेव्हा आचलनं टाळी वाजवली आणि ते पुन्हा मिटलं. तो खळखळून हसला.

माणूस बरा वाटला की गीतांजली जास्तच सावध व्हायची. शेजारच्या रागिणीबाई कपडे झटकत होत्या. त्यांच्याकडे तिनं प्यायला पाणी मागितलं.

"तसा चांगला हाये," रागिणीबाई म्हणाल्या. मग आवाज उतरला. "पन रोज बारा वाजले की डबा घेऊन जाते कुठीतरी. तीन वर्सं झाले. गरमागरम डबा हां. आता तुमीच समजा."

गीतांजलीनं समजायचं ते समजून घेतलं. बाराला सागरची स्कूटर निघाली, मागून तिची ऑटो.

जुन्या शहरातल्या एका बोळात स्कूटर थांबली. दार बाईनंच उघडलं. पण ती सत्तरीची होती, आणि चौकट चाचपत आली होती. सागर तिला हाताला धरून पायरीवर बसवत होता. त्यानं डबा उघडला, वरणात भाकर चुरली, ताट तिच्या हातात दिलं आणि हंडा घेऊन पाण्याला गेला.

गीतांजलीनं पत्ता विचारायच्या मिषानं तिच्याशी बोलणं काढलं. "लेक वाटतं तुमचा?"

"जावई हाये. मी मानिकबाई." म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "पोरगी गेली माही. जावई नाई गेला."

गीतांजलीनं आचलला हाक मारून जवळ घेतलं.

"बाहेरून आल्यासारख्या वाटता. लेकरू जेवलं का?" म्हातारीनं चाचपून ताटातला एक घास पुढे केला. आचलनं तो खाल्ला.

परतीच्या गाडीत आचलनं विचारलं, "त्या आजीले दुसरं कोनीच नाई का?"

"नाही गं. म्हणून तर तो डबा नेतो."

रात्र न होऊ देता तिनं कागद लिहायला घेतला, एकेक अक्षर बोराएवढं. व्यसन नाही. कर्ज नाही. सासूला रोज डबा नेतो. लेकरांना घाई करत नाही. शेवटच्या ओळीपाशी तिचा पेन थोडा थबकला. नशीब काढलं त्या पोरीनं, तिला वाटलं. तिनं ओळ लिहिली, आणि सकाळी देवमनच्या फुलांच्या टोपलीत कागद टाकला.

बुधवारी ती बाजारातून आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आचलचा आवाज येत होता.

"सा-सू-ला... रोज... ड-बा... ने-तो."

गीतांजली उंबऱ्यातच थांबली. आचलच्या हातात तिनं लिहिलेला तोच कागद होता. पार्वताबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मांडीवर अडकित्ता उघडाच पडला होता, सुपारी न फोडता.

"आता शेवटली ओळ वाच, माय."

"पो-र-गी... मा-झी... असती तर... दि-ली असती."

"माहीच हाये," पार्वताबाई म्हणाल्या. "देतो मी."

आचलनं मान वर केली. दारात आई दिसली तशी ती कागद घेऊन धावली.

"आई, आजी म्हनते आपल्याले अकोल्याले रायाले जायचं हाये. मंग आपल्या आजीले डबा कोन आनून देईन?"