आशेर कोण?

"आशेर. मूळ हिब्रू. मुलाचं नाव. अर्थ, सुखी, भाग्यवान." संध्यानं मोबाइलवरून मोठ्यानं वाचलं. खाली लोकप्रियतेचा आलेख होता. अमेरिकेतली रेघ वर चढत चालली होती. भारताच्या चौकटीत रेघच नव्हती.

"अकोल्यात पयलाच असन," तिची आई पार्बताबाई म्हणाली. "मास्तर हजेरी घेतानी अडकन."

एवढं बोलून तिनं मोबाइल काढून घेतला. बाळंतिणीनं डोळ्यांना ताण द्यायचा नाही. टीव्ही तिनं महिन्यापूर्वीच बंद करून ठेवला होता, पेपरही लावलेला नव्हता. सव्वा महिना शेजारपाजारचं कोणी खोलीत येणार नव्हतं. पहिली खेप म्हणून संध्या सातव्या महिन्यापासून माहेरी होती. बाळ अकरा दिवसांचं झालं होतं आणि नामकरण रविवारी होतं.

नाव बाळाच्या बापानं, म्हणजे अनुपनं सुचवलेलं. तो इस्राएलमध्ये, हैफाला, योना नावाच्या एकोणनव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याची देखभाल करायचा. अंघोळ, औषधं, चाकाच्या खुर्चीतून समुद्र दाखवणं. जाताना त्यानं आपलं सिमकार्ड अमरावतीला, राजापेठेतल्या घरी कपाटात ठेवलं होतं, पण व्हॉट्सअॅप त्याच नंबरावर चालू होतं. नंबर बदलला की माणूस हरवते, असं त्याचं म्हणणं.

दोन महिन्यांपूर्वीची त्याची ऑडिओ क्लिप संध्या रोज एकदा ऐकायची.

"आजोबाले म्हटलं, पोरगा झाला तर तुमचंच नाव ठेवतो. तर म्हातारा काठी घेऊन उठला ना माह्यावर. म्हणते, आमच्यात जित्या माणसाचं नाव लेकराले देत नाही, मले मारतं काय? मंग दोन दिवसानं त्यानंच एक नाव देलं. आशेर. कोणाचं, काहून, ते आल्यावर सांगतो. तुले आवडन."

त्यानंतर काही दिवसांनी त्याचा फोन पाण्यात पडला. दुसरा जुनापुराणा मिळाला, त्यावर कॉल लागत नव्हता. मेसेज मात्र रोज यायचे, तेही देवनागरीत. आधी हा गडी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा आणि त्यात निम्मी अक्षरं खायचा. परदेशात जाऊन सुधारला, असं म्हणून संध्या हसायची.

पण कोण हा आशेर? आपल्या लेकराला जन्मभर कोणाच्या तरी नावानं हाक मारायची, तर तो माणूस कसा होता, एवढं तिला रविवारच्या आत कळायला हवं होतं. तिनं अनुपला विचारलं. उत्तर आलं : चांगलं नाव आहे. ठेव.

तिनं पुन्हा विचारलं. उत्तर आलं : सुखी, भाग्यवान.

"हे तर मले वेबसाइटनंही सांगतलं," तिनं लिहिलं. "कॉपी करून राहिले काय?"



शनिवारी अमरावतीहून सासूसासरे आणि धाकटा दीर स्वप्निल आले. संध्या भांडायच्या तयारीनं बसली होती. सासूनं, इंदूबाईंनी, सहाव्या महिन्यातच वहीत अकरा नावं लिहून ठेवली होती, पहिलं यशोधन, आणि त्यापायी फोनवर मायलेकाची चांगली जुंपली होती. पण इंदूबाई बाळाच्या पायाला तेल लावत म्हणाल्या, "अनुपनं सांगतलं ना? मंग तेच. एक अक्षर बदलवू नका."

सासरे धर्मपाल बाळाला मांडीवर घेऊन बसले ते पायाला मुंग्या येईस्तोवर.

"बाबा, या नावाचं काही म्हणाले काय ते?" संध्यानं विचारलं.

"सव्वा महिना होऊ दे बाई," ते बाळाकडे पाहत म्हणाले. "मंग सगळं बोलू."

व्हिसाचं काहीतरी अडलं असणार, असं तिनं धरून घेतलं. आजोबा-नातवाचा फोटो काढून तिनं लगेच अनुपला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं : बाबाच्या मांडीवर शोभून दिसते. कढीसाठी दही आणायला गेलेला स्वप्निल अर्ध्या तासानं परतला, दही न घेताच. पार्बताबाईनं एरवी जावयाच्या भावाला सुकं सोडलं नसतं. आज तिनं निमूट वरण फोडणीला टाकलं.

त्या दिवशी संध्याला योनाआजोबांच्या मुलीची, दिनाची आठवण झाली. अनुपनं एकदा तिच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला होता, तो नंबर अजून होता. भाषांतराच्या अॅपमधून तिनं चार ओळी पाठवल्या. तुमच्या वडिलांनी दिलेलं नाव उद्या ठेवते आहे. आशेर कोण होते, तेवढं कळवा.

रविवारी सकाळपर्यंत उत्तर नव्हतं. मेणबत्त्या लागल्या, बुद्धवंदना झाली, इंदूबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं. दुपारच्या जेवणापर्यंत पार्बताबाईनं आशेरचा आशऱ्या करूनही टाकला होता.

पंगत उठता उठता दिनाचा निरोप आला. अॅपनं केलेलं मराठी जरा ताठर होतं.

"प्रिय संध्या, तुझं पत्र वडिलांना वाचून दाखवलं. आशेर त्यांचा धाकटा भाऊ. युद्धात सहा वर्षांचा असताना गेला. वडील त्याला पाठीवर घेऊन फिरायचे. ऐंशी वर्षांत त्यांनी हे नाव आमच्यापैकी कोणाच्याही मुलाला दिलं नाही. अनुपला दिलं."

संध्यानं पाळण्यात पाहिलं. झोपेतच पोरगा ओठ हलवत होता. पाठीवर बसून फिरणारं नाव. तिला फार आवडलं. आवडेल असं अनुप म्हणालाच होता.

"आई, कळलं कोणाचं नाव ते," तिनं इंदूबाईंना हाक मारली, आणि निरोप वर सरकवला. खाली एक फोटो होता. पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं लालबुंद बाळ, आणि त्याला धरलेले दोन म्हातारे हात.

"गेल्या आठवड्यात माझ्या मुलीला मुलगा झाला. आमच्याकडे हे नाव कोणाचंच नसतं, उच्चारायलाही अवघड जातं. पण वडिलांनी हट्ट धरला. बाळाचं नाव आम्ही अनुप ठेवलं आहे."