वसुधाबाईंची साक्ष

पासष्टच्या लढाईचे दिवस. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ड्युटीवर निघालेले वसुधाबाईंचे यजमान विष्णुपंत मदन महल वस्तीत आपल्याच गल्लीत शेजारच्या दुबे ठेकेदारांच्या मोटारीखाली आले आणि जागीच गेले. दुबे स्वतःच गाडी चालवत होते. खटला उभा राहिला. वसुधाबाईंच्या वकिलांनी त्यांना पढवून ठेवलं, "काकू, एवढंच सांगायचं, यजमान फार जपून चालायचे."

पण दुबेंचा वकील बेरकी. त्यानं अगदी गोड आवाजात विचारलं, "माँजी, पंतजी तो बड़े सावधान आदमी रहे होंगे?"

बाईंना राहवलंच नाही.

"सावधान? कौन, ये? अहो, एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल घालून ड्युटीवर जायचे! भररस्त्यात पेपर वाचत चालायचे. तीस वर्षं मी सांगून राहिले, समोर बघा म्हणून!"

कोर्टात हशा पिकला. बाईंच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. तेव्हा कुठे आपण काय बोलून बसलो ते बाईंना उमगलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

न्यायाधीशांनी हसू दाबत विचारलं, "तो फिर गलती किसकी हुई, बाईजी?"

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि दुबेंकडे बोट केलं.



"इनकी, साहेब. बारा साल के पड़ोसी हैं, इनको तो सब मालूम था. आमचे हे येताना दिसले की गल्लीतला सांडसुद्धा बाजूला व्हायचा!"